फक्त बटण दाबायचं!

“फोटोग्राफर? घरात मी असताना फोटोग्राफर कशाला?”

कारभारी थेट्यांनी हे वाक्य अशा काही थाटात टाकलं, की चहा ओतणाऱ्या सगुणाबाईंचा हात हवेतच थांबला. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा सूर ओळखायला वेळ लागत नाही. याच सुरात कारभारी एकदा ‘प्लंबर कशाला?’ म्हणाले होते, आणि खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने त्या दिवशी छत्री धरून स्वयंपाक केला होता!

विषय होता वैष्णवीच्या साखरपुड्याचा. वैष्णवी म्हणजे थेट्यांची एकुलती एक लेक. नाशकातच अंबडला एका कंपनीत नोकरीला. मुलगा घोटीचा, रोहित शिरसाठ. घरची भाताची गिरणी, माणसं तालेवार, स्थळ असं की नातेवाइकांच्या पोटात दुखावं. सगळं जमून आलं होतं. फक्त वैष्णवीच्या डोक्यात एक किडा वळवळत होता.

“माझ्या साखरपुड्यात एकही मोबाईल दिसता कामा नये,” तिने जाहीर केलं. “मैत्रिणीच्या साखरपुड्यात स्टेजसमोर नुसते हात आणि मोबाईल! तिच्या सख्ख्या आईला अंगठी दिसली नाही. आपल्याकडे दारातच टोपली ठेवायची, सगळ्यांनी मोबाईल त्यात टाकायचे. आणि फोटो काढायचे रोलच्या कॅमेऱ्यावर. मोजकेच, पण खरे!”

“रोल?” कारभारींना वाटलं पोरगी एगरोलबद्दल बोलतेय.

“हो पप्पा, फिल्मचा रोल. परत फॅशन आलीय त्याची.”

त्यासाठी एक फोटोग्राफर ठरवलाही होता. पण साखरपुडा आठवड्यावर आला आणि त्याला कावीळ झाली. वैष्णवी रडकुंडीला आली, आणि त्याच क्षणी कारभारींनी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं.

पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी गोदरेजचं कपाट उपसलं. शालू, पैठणी, डांबरगोळ्या यांच्या खालून साबणाच्या वडीएवढा एक काळा कॅमेरा बाहेर आला. मस्कतहून आलेल्या एका मित्राकडून त्यांनी तो फार पूर्वी घेतला होता. पुढची झापड सरकवली की भिंग उघडायचं.

“हा ऑटोफोकस आहे! म्हणजे काय? नेम कॅमेरा धरतो, उजेड कॅमेरा मोजतो, फ्लॅश कॅमेरा मारतो. माणसानं फक्त बटण दाबायचं!”

“मग माणूस लागतो कशाला?” सगुणाबाईंनी विचारलं.

“बटण दाबायला!”

“पप्पा, एकदा त्याचा व्हिडिओ तरी बघून घ्या,” वैष्णवी म्हणाली. “कसा वापरायचा ते सगळं सांगतात.”

“मला? व्हिडिओ?” कारभारी असे काही हसले, जणू पोहणाऱ्या माशाला कुणी रबरी टायर देऊ केलं असावं. एम.जी. रोडला जाऊन त्यांनी कॅमेऱ्याची बॅटरी तेवढी आणली. रोल वैष्णवीने ऑनलाइन मागवले. तयारी संपली!

साखरपुडा होता गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, भर दुपारी. घोटीची मंडळी जीपमधून उतरली. आधी रोहितचे वडील सोमाशेठ उतरले. जन्मभर गिरणीच्या घरघरीत राहिल्यामुळे त्यांना ऐकू कमी येई, आणि त्याची भरपाई ते मोठ्याने बोलून करत. मग रोहितच्या आई वत्सलाबाई. आणि शेवटी नऊवारीचा घोळ सावरत आजी, चांगुणाबाई. आजींचा पाय जमिनीला लागला आणि बाकीच्या मंडळींनी आपोआप पदर आणि टोप्या सारख्या केल्या. शिरसाठांच्या घरात पंतप्रधान, न्यायाधीश आणि फौजदार, सगळं काही आजीच!

आजींनी मांडवाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, मग कारभारींकडे बघितलं.

“आज तिथ कोणती हाय?”

तारीख कारभारींनीच काढली होती, कारण त्या दिवशी लॉन्स मोकळं होतं. तिथीबिथी कुणी बघितली होती!

“संकष्टी हाय!” आजी म्हणाल्या. “आमच्या घरातल्या बाया चंद्र दिसल्याबिगर तोंडात घास घेत नाय.”

“खिचडी करायला सांगते लगेच,” सगुणाबाई घाईघाईने म्हणाल्या. “शेंगदाण्याचे लाडूही...”

“फराळ बी चालत नाय. पाणी तेवढं.”

वत्सलाबाईंनी सासूच्या मागून कसनुसं हसून मान हलवली. मुलाचा साखरपुडा, आणि मुलाची आई उपाशी! सगुणाबाईंनी चष्म्यातून नवऱ्याकडे जे बघितलं, त्याला मराठीत शब्द नाही. कारभारींनी पटकन कॅमेरा डोळ्याला लावला. कॅमेऱ्याचा हा एक उपयोग त्यांना चांगला माहीत होता.

कामाला सुरुवात झाली. पहिला फोटो दोन्हीकडच्या मंडळींचा.

“रेडी! हसा!” कारभारींनी बटण दाबलं. लुकलुक लुकलुक करून फ्लॅश उडाला. “झाला!” म्हणत मंडळी पांगली. आणि मग, सावकाश, आवाज आला... खट्! फोटो आत्ता निघाला होता. आधीचं ते लुकलुकणं नुसती तयारी होती!

“अहो, थांबा! परत!” मंडळी परत जमली. परत लुकलुक, परत सगळे पांगले, परत खट्! तिसऱ्या वेळी कारभारी आधीच ओरडले, “कुणी हलायचं नाही!” त्यावर लोक इतके ताठ झाले, की साखरपुड्याला आलेत की रांगेत इंजेक्शन घ्यायला, कळेना.

“दाखव की आमचा फोटू,” आजींनी हात पुढे केला.

“यात दिसत नाही आजी. रोल धुवायला लागतो.”

“दिसत नाय? मंग काढला कशावरून?”

कारभारींनी वळून भटजींचा फोटो काढला. मग हाराचा, पेढ्यांचा, आणि शेवटी अंगठ्यांचा. वैष्णवीने रोहितच्या बोटात अंगठी घातली, रोहितने तिच्या. टाळ्या वाजल्या. कारभारींनी धडाधड बटण दाबलं. आणि एकाएकी कॅमेरा हातातल्या हातात गुरगुरायला लागला. घर्रर्रर्र!

कारभारींनी बटणावरचं बोट काढलं. तरी घर्रर्रर्र! झापड दाबून बघितली. घर्रर्रर्र!

“रोल खातोय!” मुलीच्या अंगठीचे फोटो कॅमेरा कचाकचा चावतोय, असं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. पोराच्या तोंडात बोट घालून गिळलेलं नाणं काढावं, तसा त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीचा खटका ओढला. झाकण टणकन उघडलं. भर दुपारच्या लख्ख उन्हात चकचकीत फिल्मची सळसळती पट्टी त्यांच्याकडे बघत होती.

संपलेला रोल कॅमेरा आपला आपण गुंडाळून ठेवतो, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. त्या क्षणी! अर्धा क्षण आधी नाही! आणि रोलला ऊन दाखवणं म्हणजे बर्फाला तवा दाखवणं, हेही आठवलं.

धाड्! त्यांनी झाकण आपटलं. आजूबाजूला बघितलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. कॅमेरा पुन्हा थोडा गुरगुरला आणि शांत झाला. त्यांनी दुसरा रोल भरला आणि मनाशी ठरवलं, आता नवरा-नवरीचे असे फोटो काढायचे, असे काढायचे, की अंगठीची कुणाला आठवणसुद्धा होऊ नये.

“या, या! हिरवळीवर उभे राहा. जवळ... अजून जवळ...”

“लगीन झालं नाय अजून!” मागून आजींचा आवाज. “मधून माणूस जाईल एवढी वाट ठेवा!”

दोघं दचकून बाजूला सरकली. कारभारींना आता वाद नको होता. त्यांनी एक डोळा मिटला आणि छोट्या खिडकीतून बघितलं. डावीकडे वैष्णवी, उजवीकडे रोहित, मधे सारखी मोकळी जागा. अगदी ताजव्यात तोलल्यासारखं! त्यांनी बटण दाबलं. दाबतच राहिले. हसताना, बघताना, लाजताना. अख्खा रोल त्यांनी त्या एका जागेवरून संपवला. शेवटी पुन्हा घर्रर्रर्र झालं, तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याला हातही लावला नाही. शिकले होते!

रोल धुवायला वैष्णवीने बाहेरगावी पाठवले. ते फोटो आता कागदावर नाही, मोबाईलवर येतात, हा कारभारींना आणखी एक धक्का. दिवसभर ते ऑफिसात बसून अंगठीचाच विचार करत. सगुणाबाईंना सांगावं असं अनेकदा मनात आलं, पण प्लंबरवालं प्रकरण आठवून ते गप्प बसत.

लग्नाची तारीख धरायला घोटीची मंडळी रविवारी नाशकात येणार होती. फोटो शनिवारीच आले. पण वैष्णवी हट्टाची.

“मी एकसुद्धा बघितलेला नाही. उद्या सगळ्यांनी एकदम टीव्हीवर बघायचे!”

“टीव्हीवर?” कारभारींनी हातातला घास ताटात ठेवला. “एवढा मोठा?”

रविवारी दिवाणखान्यात मंडळी दाटीवाटीने बसली. मधोमध आजी, त्यांच्या एका बाजूला सोमाशेठ, दुसऱ्या बाजूला वत्सलाबाई. रोहित खाली सतरंजीवर. कारभारी दाराजवळ उभे, पळायची वेळ आली तर सोयीचं म्हणून.

वैष्णवीने मोबाईल टीव्हीला जोडला आणि पहिला फोटो लागला. दोन्हीकडची सगळी मंडळी, आणि सगळ्यांच्या पाठी!

“ही माणसं कुठं चालली?” सोमाशेठ ओरडले. “जेवायला?”

दुसऱ्या फोटोतही पाठीच. तिसऱ्यात सगळे समोर तोंड करून, पण चेहऱ्यावर टाचणी टोचल्याचे भाव. मंडळी हसली. कारभारीही हसले, पण दाराकडे आणखी एक पाऊल सरकले. भटजी झाले, हार झाला, पेढे झाले, आणि पडदा लालभडक झाला.

नुसता लाल. मधे पिवळा. कोपऱ्यात भुतासारखं एक कोपर.

“मांडवात जाळ झाला व्हता का?” आजींनी विचारलं.

“पप्पा?” वैष्णवीने पुढचा फोटो लावला. लाल. त्याच्या पुढचा. पिवळा. “पप्पा, माझी अंगठी कुठेय?”

“ते... ऊन...” कारभारी पुटपुटले. “जरा जास्त होतं...”

“एकसुद्धा नाही?” तिचे डोळे भरून आले. मोबाईल तिनेच बंद केले होते. दुसऱ्या कुणाकडे एक फोटो असण्याची शक्यता नव्हती. कारभारींना जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण दिवाणखाना दुसऱ्या मजल्यावर होता.

“झाकण मी उघडलं गं,” ते शेवटी म्हणाले. “तो गुरगुरायला लागला, मला वाटलं रोल खातोय. पण दुसरा रोल बघ! जोडीचे फोटो बघ! दृष्ट लागेल!”

वैष्णवीने डोळे पुसले आणि दुसरा रोल लावला.

हिरवळ आली. हिरवळीवर गुलाबी धुकं आणि निळं धुकं. गुलाबी म्हणजे वैष्णवी असावी, कारण साडी गुलाबी होती. चेहऱ्याच्या जागी नुसती वाफ!

“टीव्हीचा प्रॉब्लेम असेल,” रोहित सासऱ्यांची बाजू सावरत म्हणाला आणि टीव्हीजवळ जाऊन वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला. मग एकदम वळून म्हणाला, “पुढचा! पुढचा लाव!”

पुढचा लागला. त्यातही दोन वाफा, आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत, दूरवर भज्यांचा स्टॉल. काय स्पष्ट! कढईतला बुडबुडा मोजून घ्यावा! आणि कढईच्या आडोशाला जांभळ्या शालूतली एक बाई डावीकडे बघतेय.

“हाही राहू दे, पुढचा!” रोहित ओरडला.

पुढच्यात बाई उजवीकडे बघतेय.

त्याच्या पुढच्यात बाईचा हात तोंडाशी.

त्याच्या पुढच्यात दोन्ही गाल टम्म फुगलेले!

आता सगळ्यांना दिसलं होतं, आणि सगळ्यांनी दिसलं नाही असं ठरवलं होतं. कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी पायाच्या अंगठ्याकडे. सगळं निभावलंही असतं. पण सोमाशेठ मांडीवर थाप मारून गरजले, “अगं वत्सला, ही तर तू! भजी खातीया!”

वत्सलाबाईंचा चेहरा खडूसारखा झाला. आजींची मान हळूहळू, गिरणीचं चाक फिरावं तशी, सुनेकडे वळली.

कारभारींना पुढचं सगळं दिसलं. मोडलेलं लग्न, घोटीकडे धुरळा उडवत परत निघालेली जीप, आणि जन्मभर बापाशी न बोलणारी लेक. हे सगळं एका बटणामुळे! त्यांनी भिंतीकडे झेप घेतली आणि प्लग उपटला. पंखा बंद पडला. टीव्ही चालूच! गडबडीत वैष्णवीचा अंगठा मोबाईलवर पडला आणि पुढचा फोटो आला.

या फोटोत जांभळ्या शालूशेजारी आणखी एक बाई होती. एका हातात भज्यांची प्लेट, दुसऱ्या हाताने पदर पसरून केलेला आडोसा. आणि दोघी एकमेकींकडे बघून खो खो हसत होत्या.

“सगुणा?” कारभारींचा आवाज चिरकला. “तू?”

“हो, मीच!” सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या. “काय करू? विहीणबाई मंडपाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. हातपाय थरथरत होते, अंगाला घाम सुटला होता. शुगरची गोळी घेतात त्या. सकाळी गोळी घेतली आणि पोटात काही नाही! तिथे जवळ भजीच होती, तीच दिली. पाप लागणार असेल तर मला लागू दे.”

“साखर?” आजी सुनेला म्हणाल्या. “तुला साखर हाय?”

वत्सलाबाईंनी मान खाली घातली. “दोन वर्षं झाली, आत्याबाई.”

“आन् मला कुणी सांगितलं नाय?”

सोमाशेठ छताकडे बघायला लागले. रोहित सतरंजीची दशी उसवत बसला.

“अरं, म्या काय वाघीण हाय का?”

कुणीच ‘नाही’ म्हणेना! आजींनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांचा तो करडा चेहरा जरा हलला. पदराच्या टोकाने त्यांनी नाक पुसलं आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

“आजपास्नं तुझं उपास बंद. तुझ्या वाटची संकष्टी मी धरीन. माझं मी बघून घेईन देवाशी.” मग त्या वैष्णवीकडे वळल्या. “पोरी, ह्यो शेवटचा फोटू मला मोठा करून दे. ही आमच्या घरी आल्यापास्नं इतकी हसलेली मी बघितली नाय.”

वत्सलाबाई हुंदका द्यायला गेल्या आणि मधेच त्यांना हसू फुटलं. सगुणाबाई त्यांना सामील झाल्या. वैष्णवी तर उशीत तोंड खुपसून हसत होती. काय झालं ते सोमाशेठना नीट ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने!

“आन् अंगठी काढा ती,” आजींनी फर्मावलं. “परत घाला. हितंच, माझ्या म्होरं. आन् जरा जवळ उभं ऱ्हावा, मधी भजी दिसाय नको!”

अंगठ्या परत घातल्या गेल्या. फोटो वत्सलाबाईंनी काढला, मोबाईलवर. तिथल्या तिथे सगळ्यांना दाखवलासुद्धा. लग्नाची तारीखही ठरली. या वेळी आजींनी पंचांग स्वतः मागून घेतलं.

चहा झाल्यावर कारभारी गॅलरीत जाऊन उभे राहिले. रोहित कॅमेरा घेऊन मागोमाग आला.

“मामा, रागवू नका, पण एक सांगू? हा कॅमेरा बरोब्बर मधोमध जे असेल त्यावर नेम धरतो. मधे मोकळी जागा असली की तो मागचं धरतो. म्हणून आधी माणसाच्या तोंडावर मध्य आणायचा, बटण अर्धंच दाबायचं, तसंच धरून ठेवायचं, मग फोटो पाहिजे तसा जुळवायचा आणि उरलेलं दाबायचं.”

“अर्धं?” कारभारी त्याच्याकडे बघतच राहिले. “बटण अर्धं दाबता येतं?”

रोहितने त्यांचं बोट बटणावर ठेवलं आणि हलकेच दाबलं. बोट मधेच थांबलं. खिडकीत एक हिरवा ठिपका उजळला. इतक्या वर्षांत कारभारींनी तो ठिपका कधी बघितलाच नव्हता!

मंडळी घोटीला गेल्यावर त्यांनी गुपचूप माळ्यावरून जुने अल्बम काढले. पहिल्याच पानावर त्र्यंबकेश्वर. सगुणाबाई आणि त्यांची नणंद, दोन वाफा, मधे ब्रह्मगिरी लखलखीत. पुढे वैष्णवीचा पहिला वाढदिवस. आई आणि लेक धुक्यात, मधे फ्रिज, फ्रिजवरचं कंपनीचं नावही वाचता येतंय. सप्तशृंगी, शिर्डी, मावसभावाचं लग्न... अख्ख्या खानदानाची वाफ! या फोटोंपायी त्यांनी भांडून भांडून तीन स्टुडिओ बदलले होते. बिचाऱ्या स्टुडिओवाल्यांना काय काय बोलले होते!

मागे चाहूल लागली. सगुणाबाई केव्हाच्या खांद्यावरून बघत होत्या. कारभारींनी खाली मान घालून अर्ध्या बटणाची हकीकत सांगितली, सगळी. मग पुढच्या गडगडाटाची वाट बघत डोळे मिटून घेतले.

सगुणाबाईंनी सावकाश डोळ्यांवरचा चष्मा काढला, एकदा अल्बमकडे बघितलं आणि एकदा नवऱ्याकडे.

“म्हणजे माझ्या डोळ्यांना काहीच झालं नव्हतं?” त्या म्हणाल्या. “अहो, हे फोटो नीट दिसेनात म्हणून तर मी चष्मा लावून घेतला!”